वहिनींचा मलपृष्ठावरचा फोटो : कामाच्या नोंदी

2 नोव्हेंबर 2025, रविवार

वहिनींनी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी लिहिलेले गणिताचे सराव पुस्तक छपाईला निघाले असून मुद्रकाने मलपृष्ठासाठी लेखिकेचे छायाचित्र मागितले आहे. आकार दोन इंच रुंद आणि अडीच इंच उंच, मलपृष्ठ एकाच रंगात छापायचे असल्याने फोटो कृष्णधवल, मुदत 5 डिसेंबर. वहिनींनी तातडीने 2011 सालचा पासपोर्ट फोटो पाठवला आणि मुद्रकाने तितक्याच तातडीने तो परत केला, कारण खालच्या कोपऱ्यात कोणत्या तरी कचेरीच्या शिक्क्याचा अर्धा गोल स्पष्ट दिसत होता. स्टुडिओत जायला त्या तयार नाहीत. ‘परक्या माणसासमोर मला ते तोंड करून बसणं जमायचं नाही, भाऊजी,’ एवढेच त्या म्हणाल्या. अशा रीतीने हे काम माझ्याकडे आले.

2019 मध्ये वहिनींना बेल्स पाल्सी झाली होती. चेहऱ्याचे स्नायू हलवणारा सातवा मज्जातंतू एका बाजूने सुजतो आणि अर्धा चेहरा अचानक लुळा पडतो, असा तो आजार आहे. त्यांची डावी बाजू गेली होती आणि फिजिओथेरपीने ती बरीचशी परत आली. मात्र असा मज्जातंतू पुन्हा वाढताना त्याचे काही तंतू भलत्याच स्नायूंपर्यंत पोचतात, आणि त्यामुळे मोकळेपणी हसताना ओठाचा डावा कोपरा मागे राहतो व त्याच वेळी डावा डोळा आपोआप बारीक होतो. रोजच्या बोलण्यात हे कोणाच्या लक्षात येत नाही. फोटोत येते, किंवा येते असे त्यांना वाटते. गेल्या सहा वर्षांतल्या घरच्या प्रत्येक समारंभात ‘द्या तो फोन इकडे, मी काढते’ असे म्हणत त्या फोनच्या मागच्या बाजूला उभ्या राहिल्या आहेत.

साहित्य : माझा 24 मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा, 50 मिलिमीटरची लेन्स, तिकाटणे आणि घरात सापडेल ते. या नोंदी वहिनी वाचणार आहेत आणि आकडे तपासणार आहेत, ही अट त्यांनी आधीच घातली आहे.

5 नोव्हेंबर, बुधवार (सुट्टी)

हॉलमध्ये चाचणी घेतली. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर सर्वांत मोठी खिडकी हॉललाच आहे, म्हणून वहिनींना तिच्याजवळ बसवून वीस फोटो काढले. ते कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बरे वाटले, पण संगणकावर पाहिल्यावर वहिनींचा चेहरा कावीळ आणि बुरशी यांच्या मधल्या कोणत्या तरी रंगाचा दिसला. त्यांनी एकदाच पाहून ‘बघा, सांगितलं होतं ना, माझे फोटो चांगले येत नाहीत,’ असे म्हटले आणि त्या कुकर लावायला उठल्या.

अर्धा तास मी कॅमेऱ्याच्या सेटिंगला दोष देत होतो. मग खिडकीबाहेर पाहिले. समोरच्या इमारतीचा पुनर्विकास चालू आहे आणि परांचीला वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी लावलेली आहे. सकाळचे ऊन त्या जाळीवर पडून आमच्या हॉलमध्ये जो उजेड येतो, तो हिरवा असतो. आपले डोळे काही क्षणांत त्याला सरावतात, म्हणून गेले आठ महिने आम्ही त्या उजेडात चहा पीत आहोत आणि कोणाला काही जाणवलेले नाही. पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स घेतला, म्हणजे या उजेडात पांढरा कोणता हे कॅमेऱ्याला दाखवले, तेव्हा खिडकीकडचा गाल ठीक झाला. पण दुसरा गाल छताजवळच्या एलईडी ट्यूबच्या उजेडात असल्याने तो लगेच जांभळट दिसू लागला. दोन रंगांचा उजेड एकाच चेहऱ्यावर पडला की एका दुरुस्तीत दोन्ही बाजू सुधारत नाहीत. ट्यूब बंद केली, तर तो गाल अंधारात गेला.

हॉल बाद.

8 नोव्हेंबर, शनिवार

आज एकही फोटो काढला नाही, तरीही आतापर्यंतचे सर्वांत उपयोगी काम आज झाले.

वहिनींनी आपला नावडता फोटो दाखवला. पुतणीने दिवाळीत हात लांब करून काढलेल्या त्या सेल्फीत वहिनी सर्वांत पुढे आहेत. ‘नाक बघा. आणि कान कुठे गेले माझे?’ मी म्हणालो की हा दोष नाकाचा नसून अंतराचा आहे. गणिताच्या शिक्षिकेला असे मोघम विधान चालत नाही. त्यांनी पट्टी आणून नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतची खोली मोजायला लावली, ती सुमारे 12 सेंटिमीटर भरली. मग पाठकोऱ्या कागदावर त्यांनी स्वतः मांडणी केली. वस्तू जितकी दूर, तितकी तिची प्रतिमा त्याच प्रमाणात लहान. फोन नाकापासून 30 सेंटिमीटरवर असेल, तर कान 42 सेंटिमीटरवर आहेत. 42 भागिले 30 म्हणजे 1.4, म्हणजेच कानाच्या तुलनेत नाक 40 टक्के मोठे उमटणार. कॅमेरा 180 सेंटिमीटरवर नेला, तर 192 भागिले 180, म्हणजे 1.07 च्या आसपास. 40 टक्क्यांवरून 7 टक्के. त्यांनी 1.07 भोवती चौकोन काढला आणि कागद माझ्यासमोर सरकवला. (त्यांच्या हातच्या चौकोनात आलेले उत्तर खोडायची आमच्या घरात पद्धत नाही.)

2018 मध्ये प्लास्टिक सर्जरीच्या एका अमेरिकन नियतकालिकात याच विषयावर लेख आला होता. 5 फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत 12 इंचांवरच्या सेल्फीत नाक सुमारे 30 टक्के रुंद दिसते, असा त्यातला हिशेब होता. सेल्फी पाहून नाकाची शस्त्रक्रिया करून घ्यायला येणाऱ्यांसाठी डॉक्टरांनी तो केला होता. वहिनींना मी हे सांगितले, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, पण ती सेल्फी त्यांनी पुन्हा एकदा उघडून पाहिली आणि या वेळी नाकाऐवजी पुतणीच्या हाताची लांबी न्याहाळली.

यातून एक गोष्ट मलाही नीट उमगली. चेहऱ्यासाठी लांब लेन्स चांगली असते, असे सरसकट सांगितले जाते, पण चेहऱ्याचा आकार बदलते ते अंतर. लांब लेन्स एवढेच करते की तुम्ही दूर उभे राहूनही चेहरा चौकटभर घेऊ शकता. माझ्या कॅमेऱ्यातल्या लहान आकाराच्या (एपीएस-सी) सेन्सरवर, म्हणजे प्रतिमा टिपणाऱ्या पट्टीवर, 50 ची लेन्स पूर्ण आकाराच्या सेन्सरवरच्या 75 सारखी वागते, आणि सहा फुटांवरून कंबरेपासून डोक्यापर्यंतचा भाग उभ्या चौकटीत आरामात बसतो. सहा फूट हे अंतर नक्की केले.

9 नोव्हेंबर, रविवार

आतल्या खोलीत मुक्काम हलवला. खोली दहा बाय अकरा फुटांची असून खिडकी उत्तरेला आहे आणि समोर वीस फुटांवर शेजारच्या सोसायटीची फिकट पिवळसर भिंत आहे. नोव्हेंबरात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे असल्याने या खिडकीतून थेट ऊन येत नाही, फक्त आकाशाचा आणि भिंतीवरून परतलेला मऊ उजेड येतो. जुन्या स्टुडिओंमध्ये काचेचे छत उत्तरेकडे ठेवत, ते याच कारणासाठी. मात्र हा नियम युरोपातल्या अक्षांशावर घडलेला आहे. ठाणे 19 अंश उत्तरेला असल्यामुळे मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, आणि हेच काम मे महिन्यात निघाले असते, तर ही खिडकी इतकी भरवशाची ठरली नसती.

वहिनींना खिडकीपासून तीन-चार फुटांवर बसवले. खिडकी चार फूट रुंद आहे, आणि उजेडाचा उगम चेहऱ्याच्या मानाने मोठा व जवळ असला की सावल्यांच्या कडा विरघळतात. खुर्ची आठ फुटांवर नेऊन पाहिले, तेव्हा त्याच खिडकीच्या उजेडात नाकाजवळची सावली लगेच टोकदार झाली. मागच्या भिंतीपासून खुर्ची तीन फूट पुढे, कॅमेरा तिथून सहा फुटांवर, असे मोजमाप केल्यावर कॅमेरा बरोबर दाराच्या चौकटीत आला आणि मी पॅसेजमध्ये. दादांना बाथरूमला जायचे असले की दर वेळी तिकाटणे उचलावे लागत होते.

संगणकावर फोटो मोठा केला, तेव्हा दोन्ही बुबुळांत एक एक छोटी खिडकी चमकत होती. ही चमक हवीच असते, तिच्याशिवाय डोळे विझल्यासारखे दिसतात. पण त्या चमकेत आमच्या ग्रिलचे आडवे-उभे गज इतके स्वच्छ उमटले होते की वहिनी कोठडीतून पाहत आहेत असे वाटावे. दादांचे पूजेचे पांढरे सुती धोतर दुहेरी करून ग्रिलवर चिमट्यांनी लावले. गज नाहीसे झाले, उजेड आणखी मऊ झाला, आणि तो साधारण निम्म्यावर आल्याने आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची कॅमेऱ्याची संवेदनशीलता, 400 ची 800 करावी लागली. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर पांढरी चादर टाकून तो दुसऱ्या बाजूला उभा केला, म्हणजे सावलीच्या गालावर थोडा उजेड परततो. ट्यूब आणि पंखा बंद. पंख्याबद्दल वहिनींची तक्रार आहे आणि ती रास्त आहे, पण पंखा चालू असला की बटा चेहऱ्यावर येतात आणि बंद केला की कपाळ चमकते. त्यातल्या त्यात कपाळ टिपकागदाने टिपता येते.

13 नोव्हेंबर, गुरुवार

साडी ठरली. गडद निळी, बारीक काठाची, सुती. आधी निवडलेल्या केशरी साडीचा रंग खालून हनुवटीवर चढत होता.

15 नोव्हेंबर, शनिवार

आजची नोंद मला टाळता आली असती तर बरे झाले असते.

कॅमेऱ्यासमोर बसले की वहिनींचे खांदे वर चढतात, ओठ घट्ट मिटतात आणि डोळ्यांत परीक्षा तपासत असल्यासारखा भाव येतो. अशा माणसाचे फोटो त्याच्या नकळत काढावेत, असा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि मलाही तो पटलेला होता. संध्याकाळी वहिनी जेवणाच्या टेबलावर मुलांना भूमिती शिकवत होत्या. मी पॅसेजच्या अंधारात उभा राहिलो, मुले चौकटीत येणार नाहीत अशी काळजी घेतली आणि आवाज न करणाऱ्या शटरवर 34 फोटो काढले. वहिनी रंगात आल्या होत्या. हात हवेत वर्तुळ काढत होते, चेहरा उजळलेला होता, आणि मला वाटले की काम झाले.

मुले गेल्यावर मी उत्साहाने संगणक उघडला. वहिनींनी एकेक फोटो सावकाश पाहिला. अकराव्या की बाराव्या फोटोत त्या बोलता बोलता हसत आहेत, ओठांचा उजवा कोपरा वर गेला आहे, डावा तिथेच आहे आणि डावा डोळा जवळजवळ मिटला आहे. त्यांनी तो मोठा करायला सांगितला. मग विचारले, ‘मुलांना हे रोज दिसतं का?’

मी नाही म्हणालो, पण क्षणभर उशिरा म्हणालो.

त्यांनी सगळे 34 फोटो पुसायला सांगितले. मी पुसले, आणि कार्डावरूनही पुसले हे त्यांना दाखवले.

17 नोव्हेंबर, सोमवार

काम बंद. आजच्या क्लासमध्ये वहिनी बहुतेक वेळ फळ्याकडे तोंड करूनच बोलल्या, असे पुतणीने रात्री मला एकटे गाठून सांगितले.

19 नोव्हेंबर, बुधवार

वहिनींची माफी मागितली. ती त्यांनी स्वीकारली, पण त्यांच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचे राहिले होते, ते आज दिले. शटर 1/250 सेकंद उघडे होते. बोलणारा चेहरा एका आकारातून दुसऱ्या आकारात जात असतो, आणि या दोन आकारांमधली स्थिती आपला डोळा वेगळी काढून पाहू शकत नाही. ती फक्त कॅमेरा पाहतो. बेल्स पाल्सी न झालेल्या माणसाचेही बोलतानाचे फोटो अर्ध्याहून अधिक टाकावे लागतात, याचा पुरावा म्हणून मी दादांचे जेवतानाचे नऊ फोटो दाखवले. वहिनी हसल्या. ‘म्हणजे तुम्ही वक्रावरचा एक बिंदू उचलून मला वक्र म्हणून दाखवलात,’ असे त्या म्हणाल्या. मला यापेक्षा अचूक सांगता आले नसते.

मग आणखी एक प्रयोग केला. 9 तारखेचा एक शांत चेहऱ्याचा फोटो घेतला, त्याची डावी-उजवी बाजू उलटवली आणि दोन्ही शेजारी ठेवले. वहिनींनी विचार न करता उलटवलेला निवडला, दादांनी मूळचा. 1977 मध्ये अमेरिकेत हाच प्रयोग झाला होता : स्त्रियांना त्यांचा मूळ फोटो आणि आरशातल्यासारखा उलटवलेला फोटो दाखवला, तेव्हा त्यांना स्वतःचा उलटवलेला जास्त आवडला आणि त्यांच्या मैत्रिणींना मूळचा. आपण आयुष्यभर स्वतःला आरशातच पाहतो आणि जे रोज पाहतो, तेच आपल्याला बरोबर वाटते. ज्यांच्या चेहऱ्याच्या दोन बाजूंत फरक असतो, त्यांना फोटोतला आपला चेहरा अधिकच परका वाटणार, कारण सवयीचा तिरकेपणा तिथे दुसऱ्या बाजूला गेलेला असतो. वहिनींचे ‘फोटो चांगले येत नाहीत’ यातला निम्मा भाग हा असावा, असे मला वाटते.

‘मग उलटवलेलाच छापू या की,’ दादा म्हणाले. वहिनींनी चष्मा वर सरकवून पाहिले. ‘पदर उजव्या खांद्यावर गेलाय. पुस्तक उघडायच्या आधी सगळ्या बायका तेच बघतील.’

उलटवायचा बेत बारगळला.

23 नोव्हेंबर, रविवार

आज फोटो झाला. वेळ सकाळी दहा ते पावणेबारा.

आधी बाजू ठरवली. वहिनींची डावी बाजू खिडकीपासून दूर, सावलीत ठेवावी, म्हणजे ती झाकली जाईल, असा माझा कयास होता. तो साफ उलटा पडला. सावलीत ओठाच्या डाव्या कोपऱ्याजवळची घडी आणखी खोल दिसू लागली, आणि कॅमेऱ्याकडचा उजवा गाल पूर्ण उजेडात असल्याने चेहरा होता त्यापेक्षा रुंद वाटू लागला. म्हणून खुर्ची फिरवली. खिडकी वहिनींच्या डाव्या हाताला घेतली आणि चेहरा किंचित डावीकडे, खिडकीच्या दिशेने वळवला. आता डावी बाजू कॅमेऱ्यापासून दूर गेल्यामुळे चौकटीत कमी जागा घेते आणि तिच्यावर मऊ उजेड सपाट पसरत असल्याने घडी भरून निघते. जवळचा उजवा गाल हलक्या सावलीत जातो आणि चेहरा निमुळता दिसतो. ज्या बाजूची वहिनींना धास्ती, तिलाच सर्वांत जास्त उजेड द्यावा लागला.

लगेच दुसरी अडचण उभी राहिली. चष्म्याच्या दोन्ही काचांत आख्खे धोतर पांढरेशुभ्र चमकू लागले. चष्मा काढायला वहिनी तयार नाहीत, आणि नाकावरचे वळ पाहता तो काढणे योग्यही नव्हते. मी कॅमेरा वर-खाली करत राहिलो. वहिनींनी दोन मिनिटे माझी धडपड पाहिली आणि मग खुर्चीतूनच सांगितले, ‘खिडकी या बाजूला, तुम्ही त्या बाजूला, आणि माझं नाक बरोबर मधोमध. आपतन कोन आणि परावर्तन कोन सारखेच आहेत, मग उजेड तुमच्याकडेच येणार ना? दुसरीकडे कुठे जाईल?’ नाक हलवले, तर गालावरचा उजेड बिघडत होता. त्यांनी चष्म्याच्या काड्या कानांवरून जेमतेम सेंटिमीटरभर उचलल्या आणि केसांत अडकवून ठेवल्या. काडी 14 सेंटिमीटर लांब आहे, म्हणजे काच सुमारे चार अंश खाली झुकली आणि परावर्तित किरण त्याच्या दुप्पट, आठ अंश वळले. काचांच्या वरच्या कडेला एक बारीक पांढरी पट्टी उरली होती. खिडकीच्या कठड्यावर त्यांच्याच पुस्तकाच्या मुद्रितांची थप्पी रचली, तशी तीही गेली. समोरून पाहताना काड्या उचललेल्या आहेत हे कळतही नाही.

हनुवटीचे मात्र मीच सांगितले. लग्नातले फोटोग्राफर ‘हनुवटी वर, हनुवटी वर’ असे ओरडतात, त्याने नाकपुड्या दिसतात आणि दुसरे काही साधत नाही. कपाळ कॅमेऱ्याकडे सरकवावे, म्हणजे हनुवटी पुढे येते, मान ताणली जाते, आणि मग ती केसभर खाली घ्यावी. बसणाऱ्याला हे कासवासारखे वाटते, पण समोरून जबड्याची रेघ स्वच्छ दिसते. कॅमेरा डोळ्यांपेक्षा दोन-तीन इंच उंच ठेवला.

उरला चेहऱ्यावरचा भाव. 15 तारखेनंतर त्याबद्दल काही सुचवायचा अधिकार मला नव्हता, म्हणून मी बटणच वहिनींच्या हातात दिले. बिनतारी रिमोट दाबल्यावर दोन सेकंदांनी शटर उघडते, तेवढ्या वेळात हात मांडीवर नेता येतो. लेन्सच्या अगदी वर छोटा आरसा चिकटवला. फोकस जवळच्या डोळ्यावर लावून दिला, लेन्सचे छिद्र थोडे लहान, एफ 4 इतके, ठेवले, म्हणजे त्या थोड्या पुढे-मागे झाल्या तरी बिघडणार नाही, आणि मी खोलीतून बाहेर पडून दार जितके लोटता येईल तितके लोटून घेतले.

पस्तीस मिनिटांत 61 वेळा शटरचा आवाज आला. सुरुवातीला भराभर, मग बराच वेळ नाही, मग अगदी सावकाश, एकेक. मधे एकदा त्या स्वतःशीच काही पुटपुटल्या. बाहेर आल्यावर त्यांनी सांगितले की आरशात पाहून त्यांनी आधी सगळी हसू तपासली. दात दिसणारे हसू आले की डोळा मिटतो. ओठ मिटून हसले तरी थोडा मिटतो. पण हसू येण्याच्या बेतात असताना, ओठ हलायच्या आधी, काहीच होत नाही, आणि तो क्षण धरून ठेवता येतो. तो धरण्यासाठी त्या मनात एकोणतीसचा पाढा म्हणत होत्या. ‘दोनशे एकसष्टला बरोबर जमतं,’ असे त्या म्हणाल्या, आणि हे गंमत म्हणून सांगितले की निष्कर्ष म्हणून, हे मला अजून कळलेले नाही.

26 नोव्हेंबर, बुधवार

निवड. मी 52 क्रमांकाचा फोटो काढून ठेवला होता. त्यात उजेड सर्वांत सुरेख आहे आणि दोन्ही बाजू जवळपास सारख्या दिसतात. वहिनींनी 47 निवडला. त्यात डावा कोपरा नीट पाहिले तर थोडा खाली आहे. मी ते बोलून दाखवले नाही, पण माझी नजर कुठे आहे हे त्यांना कळले. ‘आहे ना, मला दिसतोय,’ त्या म्हणाल्या. ‘पण 52 मध्ये मी फोटो काढायला बसलेय. यात मी कोणाचं तरी गणित चुकतंय ते बघतेय.’ दोन्ही पुन्हा शेजारी ठेवून पाहिले. 47.

29 नोव्हेंबर, शनिवार

कृष्णधवल केले. त्वचेत केशरी आणि तांबडा हे रंग जास्त असतात, त्यामुळे रूपांतर करताना हे दोन उजळ केले की डाग आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळे फिकी होतात, आणि त्वचा गुळगुळीत करणारे कोणतेही फिल्टर लागत नाही. (फोनमधल्या त्या फिल्टरने माझ्या आत्याला एकदा भुवयाच उरल्या नव्हत्या.) मी दोन्ही रंग सढळ हाताने उजळवले आणि वहिनींना दाखवले. त्यांनी एका दृष्टिक्षेपात विचारले, ‘माझी टिकली कुठे गेली?’

टिकली लाल होती. लाल उजळवल्याबरोबर ती कपाळाच्या करड्या रंगात मिसळून गेली होती, आणि सतत पाहत असूनही माझ्या ते लक्षात आले नव्हते. लाल मूळ पातळीच्या खाली आणला, केशरी तसाच ठेवला. टिकली परत आली, ओठांनाही रंग आला, डोळ्यांखालची वर्तुळे थोडी गडद झाली. ती तशीच ठेवा, असे वहिनींनी सांगितले.

ऑफसेट छपाईत शाईचा ठिपका कागदावर थोडा पसरतो आणि करडे भाग गडद होतात, म्हणून मुद्रकाच्या सांगण्यावरून मधल्या छटा किंचित उजळ केल्या. 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, दोन बाय अडीच इंच म्हणजे 600 बाय 750 पिक्सेल. 24 मेगापिक्सेलमधले अर्धा मेगापिक्सेलही कामाला आले नाहीत.

2 डिसेंबर, मंगळवार

फाइल पाठवली. मुद्रकाच्या अर्जात छायाचित्रकाराचे नाव विचारले होते. मी वहिनींचे लिहिले, कारण बटण त्यांनी दाबले, भाव त्यांनी ठरवला आणि काड्याही त्यांनीच उचलल्या. वहिनींनी ते खोडून माझे लिहिले. यावर जेवताना वाद झाला आणि धोतर आपले होते, याची आठवण दादांनी दोनदा करून दिली. शेवटी तिघांची नावे लिहून अर्ज पाठवला.

4 डिसेंबर, गुरुवार

मलपृष्ठाचे मुद्रित आले. फोटोखाली एकाच ओळीची जागा होती, म्हणून मुद्रकाने आपल्या मनाने ‘छायाचित्र : घरगुती’ असे छापले आहे. वहिनींनी मुद्रित तपासून दिले. लाल पेनने दोन चुका काढल्या आहेत, एक आयएसबीएनच्या शेजारच्या किमतीतली आणि एक परिचयातल्या वेलांटीची. त्या ओळीला त्यांनी हात लावलेला नाही.